लेबर रूमच्या दाराबाहेरची बाई

महाराष्ट्रात आज शंभरातली जवळजवळ पंचाण्णव बाळंतपणं दवाखान्यात होतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीतला नेमका आकडा 94.7 टक्के, त्याआधीच्या 2015-16 च्या पाहणीत तो 90.3 होता. ही राज्याची मोठी कमाई आहे, आणि तिच्यापायी गावोगावच्या आशा स्वयंसेविकांच्या, म्हणजे आशाताईंच्या, कितीतरी चपला झिजल्या आहेत. पण त्याच पाहणीच्या तक्त्यात खाली आणखी एक ओळ आहे, तिच्याकडे फारसं कुणी बघत नाही. जन्मल्यावर तासाभरात आईच्या अंगावर पाजलेली बाळं 53.2 टक्के. आधीच्या पाहणीत ती 57.5 होती. बाळंतपणं दवाखान्यात गेली, आणि पहिल्या तासाचं दूध वाढायचं तर घटलं. याच काळात राज्यातलं सिझेरियनचं प्रमाण 20.1 वरून 25.4 टक्क्यांवर गेलं, हे त्याचं एक कारण असणार. पण सगळा दोष सिझेरियनवर टाकून मोकळं होता येत नाही. त्या तासात बाईच्या उशाशी कोण असतं, आणि कोण नसतं, हेही बघावं लागतं.

वसमतमध्ये हे बघायला फार लांब जावं लागत नाही. हळदीच्या बाजारासाठी नावाजलेलं हे तालुक्याचं गाव. कुरुंदा, गिरगाव, हट्टा अशा आजूबाजूच्या गावांतून पोटात कळा सुरू झालेल्या लेकी-सुना इथं येतात. केस अवघड दिसली की ‘नांदेडला न्या’ म्हणतात. जिल्ह्याचं ठिकाण हिंगोली असलं तरी वसमतला नांदेड जवळ, आणि तिथं मेडिकल कॉलेजही आहे. बाईसोबत आई असते, एखादी मावशी किंवा चुलती असते, आशाताई असते. पिशवीत जुन्या लुगड्याचे धुऊन वाळवलेले तुकडे, थर्मासमध्ये चहा. ही सगळी मंडळी लेबर रूमच्या दारापर्यंत जातात आणि दार लागतं. आत ती एकटी जाते. वय बहुधा वीस-बावीस, पहिलटकरीण, आणि आयुष्यात पहिल्यांदाच अशा खोलीत, जिथं ओळखीचा एकही चेहरा नाही. सिस्टरच्या ताब्यात आणखी दोन-तीन बाया असतात. रात्रपाळीला तीही एकटीच असते, तेव्हा तिला दोष देण्यात अर्थ नाही.

घरी बाळंतपण व्हायचं तेव्हा खोलीत गर्दी असायची. सुईण असायची, आई असायची, चार लेकरांची माय झालेली एखादी शेजारीण कंबर दाबायला बसायची. मात्र त्या खोलीची आठवण काढून हळवं होण्याचं कारण नाही. सुईण बहुधा गावकुसाबाहेरची असे. नाळ कापणं, वार पुरणं हे विटाळाचं काम मानलं जाई आणि ते ज्यांच्यावर लादलेलं होतं त्याच जातींच्या बाया ते करीत. पदरात पडे तो सूपभर दाणा आणि जुनं लुगडं. तिच्या हातात कसब होतं, पण बाई अडली, रक्त थांबेना, ताप चढला, की तिच्यापाशी इलाज नव्हता. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये महारवाड्यातली बाळंतपणं आहेत. अडलेल्या पोरी आहेत आणि बाळंत होऊन पोटाला काही न मिळालेल्या बायाही आहेत. ते पुस्तक वाचलेला माणूस ‘पूर्वीचं बरं होतं’ असं म्हणणार नाही. उच्चवर्णीय घरातही वेगळं नव्हतं. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. पुढं 1886 साली अमेरिकेत वैद्यकीची पदवी घेताना त्यांनी प्रबंधाला विषय निवडला तो प्रसूतिशास्त्राचा.

तेव्हा बाळंतपण दवाखान्यात गेलं हे उत्तमच झालं. चूक झाली ती सामान हलवताना. औषध आत गेलं, हातमोजे आत गेले, आणि कंबर दाबणारी बाई बाहेर राहिली. ती जे करीत होती त्याला कुणी काम समजलंच नव्हतं.

ते काम आहे, हे मोजून दाखवलं ग्वाटेमालातल्या एका प्रयोगानं. तिथल्या सोशल सिक्युरिटी हॉस्पिटलात त्या काळी बाईला सोबत कुणालाही नेता येत नसे. मार्शल क्लाउस आणि जॉन केनेल हे अमेरिकन बालरोगतज्ज्ञ आणि त्यांचे तिथले सहकारी यांनी काही बायांना, दाखल झाल्यापासून बाळ होईपर्यंत, एक सोबतीण दिली. ती ना नर्स होती ना नात्यातली. बाईची आणि तिची आधीची ओळखसुद्धा नव्हती. ती हात धरायची, पाठ चोळायची, बोलत राहायची, आणि उठून जायची नाही, एवढंच. 1980 साली निष्कर्ष छापून आले. गुंतागुंत न झालेल्या बायांपुरतं पाहिलं, तर दाखल झाल्यापासून बाळंत होईपर्यंतचा वेळ एकट्या बायांच्या गटात सरासरी 19.3 तास होता आणि सोबतीण असलेल्यांचा 8.8 तास. सोबत मिळालेल्या आया नंतर अधिक जाग्या होत्या, बाळाला अधिक कुरवाळत होत्या, त्याच्याशी बोलत होत्या.

एका दवाखान्यातल्या मोजक्या बायांवरून जगाला नियम लावू नये, हे खरं. पण पुढच्या जवळजवळ चार दशकांत अशा चाचण्या देशोदेशी झाल्या. 2017 साली कॉक्रेन या नामांकित संस्थेनं 17 देशांतल्या 26 चाचण्या आणि पंधरा हजारांवर बाया एकत्र धरून हिशोब मांडला. ग्वाटेमालातला दहा तासांचा फरक तिथं पाऊण तासाच्या आतच उरला. पण सोबत असलेल्या बायांमध्ये सिझेरियनचं प्रमाण सुमारे पाव हिश्श्यानं कमी भरलं, वेदनाशामक औषधं कमी लागली आणि ‘माझे हाल झाले’ असं सांगणाऱ्या बायाही कमी निघाल्या. अपाय कुठंच आढळला नाही. इतकी स्वस्त आणि इतकी निर्धोक गोष्ट एखाद्या औषध कंपनीच्या हाती लागली असती, तर तिची जाहिरात एव्हाना प्रत्येक दवाखान्याच्या भिंतीवर दिसली असती.

हे होतं कसं? गर्भाशयाच्या कळा चालतात ऑक्सिटोसिन या संप्रेरकावर. ते मेंदूतून झरतं, आणि बाई घाबरली की आवरतं घेतं. भीतीनं अॅड्रेनालिन चढतं, अंग आवळून येतं, कळा दुखतात पण काम पुढं सरकत नाही. मग सलाईनमधून तेच ऑक्सिटोसिन वरून सोडावं लागतं. त्यानं कळा जोराच्या येतात, बाई आणखी भेदरते. तिची भीती कमी करणं हा उपचारच आहे, आणि तो माणसानंच करायचा असतो. आणखी एक गोष्ट इथंच सांगायला हवी, कारण या प्रकरणाचा पुढचा अर्धा भाग तिच्यावर उभा आहे. हेच ऑक्सिटोसिन पुढं पान्हा फोडतं. बाळ ओढू लागलं की स्तनातल्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू त्याच्याच हुकमानं आवळतात आणि दूध वाहतं. कळा देणाऱ्या बाईला जी सोबत लागते, तीच दूध पाजणाऱ्या बाईलाही लागते, कारण शरीरातली यंत्रणाच एक आहे.

पुण्या-मुंबईत या कामाला आता डूला म्हणतात. सातव्या-आठव्या महिन्यापासून ती घरी येते, जोडप्याला बाळंतपणाच्या पायऱ्या समजावते, कळांमध्ये श्वास कसा सोडायचा, चालायचं कधी, उकिडवं कधी बसायचं हे करून घेते, प्रसूतीच्या वेळी जवळ थांबते आणि नंतर पाजायला शिकवते. ती तपासणी करत नाही, औषध देत नाही, डॉक्टरच्या कामात हात घालत नाही. ती पैसे घेते आणि ते घ्यायलाच हवेत. पण ते पैसे वसमतच्या शेतमजुराच्या आवाक्यातले नाहीत. म्हणून गावापुरता प्रश्न असा उरतो, की त्याच कामाचा गाभा इथं कोण करू शकेल.

उत्तराचा एक तुकडा सरकारनं 2016 मध्येच देऊन ठेवला आहे. सरकारी दवाखान्यात प्रसूतीच्या वेळी बाईजवळ एक सोबतीण थांबू द्यावी, असं केंद्राचं धोरण तेव्हापासून आहे. अटी साध्या आहेत. ती स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी, तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, तिनं पूर्ण वेळ थांबावं, वैद्यकीय कामात लुडबुड करू नये आणि खोलीतल्या दुसऱ्या बाईकडे जाऊ नये. जिथं आडोशाची नीट सोय आहे तिथं नवऱ्यालाही थांबता येतं. 2017 अखेरीस लेबर रूम सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ नावाचा कार्यक्रम आला, त्यातही सोबतीण धरलेली आहे. तरी दार लागतंच. जागा अपुरी, पडदे नाहीत, नातेवाइकांची गर्दी होईल ही धास्ती. आणि खरं बोलायचं तर, कुणी बघत नसलं की ओरडणं सोपं जातं. ‘मूल करताना लाज वाटली नाही का’ ही ओळ महाराष्ट्रातल्या किती बायांनी लेबर रूममध्ये ऐकली असेल! जवळ तिची आई उभी असती तर ती ओळ बोलणाऱ्याच्या घशातच अडकली असती.

बाळ बाहेर आलं, रडलं. आता तो पहिला तास. तब्येत ठीक असलेलं बाळ पुसून, उघड्या अंगानं आईच्या पोटावर पालथं ठेवलं, तर ते हळूहळू स्वतःच छातीकडे सरकतं आणि बहुधा तासाभरात तोंड लावतं. वासाचा माग काढत जातं. 1980 च्या दशकात स्वीडनमध्ये याची शास्त्रीय नोंद झाली, आणि 2007 साली डॉ. प्रशांत गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी युनिसेफच्या महाराष्ट्र कार्यालयासोबत याचा मोठा प्रचार केला. याला यंत्र लागत नाही. आईच्या पोटावरचं बाळ तासभर कुणी उचलू नये, एवढंच लागतं. प्रत्यक्षात बाळ वजनाला जातं, कपड्यात गुंडाळलं जातं, बाहेर नातलगांना दाखवलं जातं, आणि तेवढ्यात कुणीतरी मधाचं बोट चाटवून मोकळं होतं. मध नको, साखरपाणी नको, घुटी नको. मधात क्वचित असे जंतू असतात जे वर्षाच्या आतल्या बाळाला घातक ठरतात.

आणि मग चीक. पहिले दोन-तीन दिवस आईला येतं ते पिवळसर, घट्ट, थेंबाथेंबानं येणारं दूध. जडपणाचं, साचलेलं म्हणून ते पिळून टाकण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. आपल्याकडची गंमत अशी, की म्हैस व्याली की तिचा चीक आपण शेजारून मागून आणतो, वेलदोडा घालून खरवस करतो आणि वाट्यावाट्यांनी वाटतो. घरातली सून व्याली की तिचा चीक मोरीत जातो. त्या थेंबांत रोगाशी लढणारी प्रथिनं ठासून भरलेली असतात. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावतं, तेव्हा चमचाभरच येतं. हे ठाऊक नसलं की ‘दूधच येईना’ म्हणून पावडरचा डबा येतो.

‘दूध पुरत नाही’ ही तक्रार वसमतपासून न्यू जर्सीतल्या मराठी घरांपर्यंत एकसारखी ऐकू येते. खरोखरच दूध न येणाऱ्या बाया फार थोड्या. बाकीच्यांचं कारण बहुतेक वेळा धरण्यात असतं. आपल्याकडे बाळ मांडीवर आडवं टाकून, दोन बोटांच्या कात्रीत स्तनाग्र धरून त्याच्या तोंडात देतात. बाळ नुसतं टोक चावत बसतं. टोकाला भेगा पडतात, आई कळवळते, बाळ उपाशीच राहतं. आयआयटी मुंबईत काम केलेल्या बालरोगतज्ज्ञ डॉ. रूपल दलाल यांनी गेली काही वर्षं याच एका गोष्टीचा ध्यास घेतला. नंदुरबार, पालघरसारख्या भागांत त्यांनी नर्सना, आशांना बाळ धरायचं कसं हे शिकवलं, आणि ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पातून त्याचे मराठी व्हिडिओही उपलब्ध झाले. सार असं. आईची पाठ टेकलेली. उजव्या बाजूला पाजायचं तर बाळ डाव्या हातावर, त्याचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, आईचा पंजा त्याच्या मानेखाली कानांच्या मागं. तोंड जांभई दिल्यासारखं मोठं उघडेपर्यंत थांबायचं. मग हनुवटी आधी लागली पाहिजे, आणि टोकाभोवतीचा काळा भाग, विशेषतः खालचा, तोंडात गेला पाहिजे. बरोबर लागलं तर दुखत नाही. दुखतंय म्हणजे चुकलंय. करंगळी बाळाच्या तोंडाच्या कडेनं आत घालून सोडवायचं आणि पुन्हा लावायचं.

दूध मागणीवर बनतं. जेवढं ओढलं जाईल तेवढं उद्या अधिक. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाजणं हे नेहमीचं, रात्रीचं पाजणं तर फारच मोलाचं. वरचं दूध सुरू केलं की ओढणं कमी होतं, म्हणून दूध कमी होतं, म्हणून वरचं आणखी वाढतं. पाचव्या दिवसानंतर बाळ दिवसातून सहा-सात वेळा भरपूर लघवी करतंय, आणि पहिल्या दिवसांत घटलेलं वजन दोन आठवड्यांत भरून निघालं, तर दूध पुरतंय. रडणं हा पुरावा नव्हे. वजन भरत नसेल तर मात्र थांबू नये, डॉक्टरकडे न्यावं. ‘अंगावरचंच पाज’ म्हणत उपाशी बाळाकडे दुर्लक्ष करणं हाही अडाणीपणाच.

बाळंतिणीच्या खोलीतल्या चालीरीतींकडे एका चाळणीनं बघता येत नाही. अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, खारीक-खोबरं चांगलंच. लोह आणि ताकद मिळते, फक्त दूध लाडवानं येत नाही, ओढण्यानं येतं. अंग चोळून घेणं उत्तम. सव्वा महिना कामाला हात न लावू देणं, ही तर आपल्या परंपरेनं बाईला दिलेली फार मोठी सवलत. पण ‘पाणी जास्त प्यालीस तर पोट सुटेल’ म्हणून तिला तहानेली ठेवणं, भाज्या बंद करणं हे वाईट. बंद खोलीत बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी ठेवणं धोक्याचं, कारण त्या धुराचा न दिसणारा वायू जीव घेऊ शकतो. आणि हळदीच्या गावात हे आवर्जून सांगावं लागतं, की नाळेला हळद लावू नये. राख नको, तेल नको. नाळ कोरडी, उघडी ठेवली की आपोआप गळते.

मराठवाड्याच्या उन्हाळ्यात घरोघरी विचारला जाणारा प्रश्न असतो, ‘लेकराला घोटभर पाणी तरी द्यावं का?’ नको. आईच्या दुधात जवळजवळ 88 टक्के पाणीच असतं. चटका वाढला की पाजण्याच्या वेळा वाढवायच्या, आणि पाणी प्यायचं ते आईनं. सहा महिन्यांपर्यंत दुसरं काही नको, ही शिफारस ऐकायला सोपी आहे. पण उन्हाळ्याच्या तोंडावर हळद काढणीला येते, कंद खणायला-मोडायला बायाच लागतात, आणि दोन महिन्यांची बाळंतीण रोज बुडवून घरी बसू शकत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या घरात तर कोपीतच बाळ वाढतं. 26 आठवड्यांची पगारी रजा कायद्यात आहे, शेतमजूर बाईपर्यंत ती येत नाही. तिला जे करता येतं ते असं, की निघण्यापूर्वी पोटभर पाजावं आणि हातानं दूध काढून उकळलेल्या झाकणाच्या वाटीत ठेवावं. गार जागी ते चारेक तास टिकतं, कडक उन्हाळ्यात त्याहून कमी. आजीनं ते वाटी-चमच्यानं किंवा जुन्या बोंडल्यानं पाजावं, बाटलीनं नको. बाटली नीट धुतली जात नाही आणि बाळाची ओढण्याची सवय मोडते. मुकादमानं दुपारी अर्धा तास घरी सोडलं तर याहून बरं. ते त्याला जमण्यासारखं आहे.

या विषयात महाराष्ट्र मागासलेला नाही, हे मुद्दाम सांगतो. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी 1989 साली मुंबईच्या सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. स्तनपानासाठी देशभर झगडणारं बीपीएनआय हे जाळं 1991 मध्ये वर्ध्यात स्थापन झालं, आणि 1992 च्या कायद्यानं पावडरच्या डब्यांच्या जाहिरातीला बंदी आली. सगळ्यात मोठा धडा गडचिरोलीचा. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं 39 गावांत थोडं शिकलेल्या बायांना तयार करून घरोघरी नवजात बाळांची काळजी घेतली. तिथं हजार जन्मांमागे 62 असलेले नवजात बालमृत्यू तीन वर्षांत 25.5 वर आले. ते 1999 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालं, आणि त्याच वाटेनं 2011 पासून देशभरच्या आशा बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाऊ लागल्या. वसमत तालुक्यातली बाळंतीणही त्यात आली. म्हणजे गावाची डूला आपल्याकडे आधीच आहे. या सहा भेटींसाठी तिचा मोबदला ठरला 250 रुपये. भेटीला बेचाळीस रुपयेही पडत नाहीत, आणि तेवढ्यात तिनं वजन करायचं, ताप बघायचा, पाजणं सुधारायचं, शिवाय बाई गप्प-गप्प का झाली हेही ओळखायचं. भारतात पाचातल्या एका बाळंतिणीला नैराश्य गाठतं, असं 2017 सालचं अनेक अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण सांगतं. सासर-माहेरच्या गर्दीत ते कुणाला दिसत नाही. दिसलं तर आशालाच दिसतं. तिला अधिक शिकवावं, लेबर रूममध्ये अधिकृतपणे बसू द्यावं आणि त्या रात्रीची मजुरी द्यावी. पुढच्या पाहणीत पहिल्या तासातल्या दुधाचा 53 चा आकडा वर न्यायचा तर मला याहून स्वस्त उपाय दिसत नाही.

सरकार करेल तेव्हा करेल. घरात डोहाळजेवणाची तारीख धरली असेल, तर त्याच दिवशी आणखी एक गोष्ट ठरवून टाका: कळा सुरू झाल्यावर आत कोण जाणार. जी घाबरत नाही, जी रागावत नाही आणि जी रात्रभर बसू शकते, अशी बाई निवडा. मग पुढच्या तपासणीला दवाखान्यात गेलात की डॉक्टरांना, सिस्टरना सरळ विचारा, ‘सोबतीण आत घेता ना?’ नियम तुमच्या बाजूचा आहे.